रूथआक्काचं नवं वर्ष

आक्का, तुला माती देऊन आलो त्याला जेमतेम पंधरवडा झालाय, आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. तुझी भावजय सुनंदा म्हणते, गेलेल्या माणसाशी भांडू नये. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि ते तसंच टाकून तू गेलीस. लहानपणीही असंच करायचीस. स्वतःचं म्हणणं सांगून झालं की घागर उचलून पाण्याला निघून जायचीस, आणि मी एकटाच ओट्यावर बडबडत बसायचो.

लोक भेटायला येतात. म्हणतात, "रूथबाई भाग्यवान. सेवा करता करता गेल्या." मी मान हलवतो, चहा पुढं करतो. मनात म्हणतो, भाग्य कसलं त्यात? डॉक्टरांनी तारीख दिली होती. ती पाळली असतीस तर आत्ता तू आत सुनंदाजवळ बसून नाताळच्या उरलेल्या करंज्या डब्यात भरत असतीस, आणि मला ओरडत असतीस की शमू, आता पुरे, साखर वाढंल.

सगळं सुरू झालं ते मागच्या वर्षीच्या पहिल्या तारखेला. दाजींना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. अर्धांगवायूनं ते अंथरुणाला खिळले तेव्हापासून तू निमगाव केतकीचं घर सोडलं नव्हतंस. ना कुणाच्या लग्नाला आलीस, ना नाताळला बारामतीत. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, पुन्हा वळवायचं. ते गेले तेव्हा मी मनाशी ठरवलं की आता आक्काला आपल्याकडं आणायचं. मागची खोली रंगवून घेतली, खिडकीला जाळी बसवली. सुनंदानं नवी गोधडी शिवून घेतली. तुला सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते चर्चमधल्या नव्या वर्षाच्या उपासनेनंतर जेवताना सांगायचं असं आमचं ठरलं होतं.

उपासनेत पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "हे वर्ष देवानं आपल्याला कशासाठी दिलंय? ज्याला वाटतं त्यानं उभं राहून सांगावं." दरवर्षी ते विचारतात, आणि दरवर्षी तीच माणसं उठून तेच बोलतात. मागल्या वर्षी देवानं सांभाळलं, पुढंही सांभाळो. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांत असल्यामुळं मीही तेवढंच बोलून खाली बसलो होतो. तेवढ्यात बायकांच्या बाजूला तू उठलीस. पदर डोक्यावर सारखा केलास आणि जमिनीकडं बघत बोललीस.

"आमच्या ह्यांचं करता करता मला एक काम आलं. माणूस पडून राहिलं की त्याला कसं उचलायचं, कसं वळवायचं, पाठीला जखम हुऊ नये म्हणून काय करायचं. लोक म्हणत्यात, रूथबाई, सुटलात. मला तसं वाटत न्हाय. मला वाटतंय, देवानं एवढी वर्षं मला शिकवलं. ह्या वर्षी, ज्यांच्या घरी कुणी पडून हाय, तितं मी जाणार हाय. तुमी प्रार्थना करा."

कुणीतरी "आमेन" म्हणालं. मी मान वळवून सुनंदाकडं बघितलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "माझ्याशी एक शब्द बोलावासा वाटला नाही?"

"देवाशी बोलले."

"देवानं तुझा ईसीजी बघितलाय का, आक्का?"

हा प्रश्न मी चेष्टेत विचारला नव्हता. दाजींच्या आजारपणात दोनदा तुला चक्कर आली होती. तू ताटातला भात कालवत राहिलीस. मग म्हणालीस, "बघितला असंल की. त्याच्यापासून काय लपतंय?" सुनंदानं माझ्याकडं बघून डोळ्यांनी गप्प केलं. रंगवलेल्या खोलीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

मग ती स्कूटी. दाजींच्या पुतण्याची जुनी गाडी दारात पडून होती, ती तू शिकायला काढलीस. माझी लेक प्रीती सुट्टीला तुझ्याकडं आली होती, ती मागून धरून पळायची. पहिल्याच दिवशी तू गाडी पानमळ्याच्या कुंपणात घातलीस आणि उठून साडी झटकत म्हणालीस, "ब्रेक कुठला ते आता कळलं." प्रीतीनं मला हे हसत हसत फोनवर सांगितलं. मला हसू आलं नाही. उसाचा हंगाम ऐन जोरात होता. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जात होते आणि माझ्या डोळ्यांपुढं त्या ट्रॉल्यांच्या बाजूनं डुगडुगत जाणारी तू. शाळेत फळ्यावर गणित लिहिताना मला मध्येच तू दिसायचीस. रोज संध्याकाळी तुझा फोन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. फोन आला की मी आधी ओरडायचो, मग विचारायचो, जेवलीस का.

सुरुवातीला दारं उघडली नाहीत, हे तू मला खूप उशिरा सांगितलंस. शेळगावात एका घरी तुला ओसरीवरूनच परत पाठवलं. आमचं आम्ही बघतो, म्हणाले. तू म्हणे पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलीस आणि पुन्हा परत आलीस. निमगावच्या आठवडे बाजारात कळस गावची मंगल तुला भेटली. भाजी घेता घेता ती रडत होती. तिचे सासरे, आबा, खुबा मोडल्यापासून पडून होते, पाठीला जखम झाली होती आणि वास येत होता. तू तिची पिशवी स्कूटीला अडकवलीस आणि तिला मागं बसवून तिच्या घरी गेलीस.

कळसचं घर तुझं होऊन गेलं. तू एक दिवसाआड जात होतीस. त्या घरात ऊस होता, डाळिंब होतं, माणसांची ये-जा होती. पण आबांच्या खोलीत मंगलशिवाय कुणी पाय ठेवत नव्हतं.

आणि मग मार्चमधला तो दिवस. मी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होतो. मंगलचा फोन आला. ती दबक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमी ताईंना घ्यायला या. हितं वाद झालाय." मी कुणाला तरी वर्गावर उभं केलं आणि मोटरसायकल काढली. बारामतीपासून कळसपर्यंत मी काय काय मनात आणलं ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो. मला वाटलं, तुला मारलं असेल.

अंगणात माणसं जमली होती. मंगलचा नवरा मान खाली घालून बाजूला उभा. उंबऱ्यावर आबांचा धाकटा मुलगा विलास, पुण्याहून आलेला.

"तुम्ही कोण?" त्यानं विचारलं.

"मी त्यांचा भाऊ."

"मग बहिणीला घेऊन जा. आमच्या घरात हे चालणार नाही."

"काय चालणार नाही?"

"कशाला येतात ते आम्हाला कळत नाही का? बिनकामाचं कोण कुणाच्या घरी येतं? बाटवायचे धंदे हे."

मागून एक जण म्हणाला, "काम करताना तोंडानं काहीतरी पुटपुटती म्हणं."

मी काही बोलणार, एवढ्यात आतून तुझा आवाज आला. अगदी रोजच्यासारखा, दूध उतू चाललंय हे सांगावं तसा.

"भाऊ, जरा दम धरा. आबांना कुशीवर धरलंय. सोडलं तर खाली येतील. पाठ झाली की मी बाहेर येते, मग काय ते बोला."

विलास एकदम वळून आत गेला, आणि त्याच्या मागं मी. खोलीत फिनेलचा आणि त्याच्याही खालचा तो वास होता. तू एका हातानं आबांचा खांदा धरून, दुसऱ्या हातानं जखम पुसत होतीस. विलासनं बापाची पाठ बघितली. त्यानं ती आधी बघितली नव्हती हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"हितं हात लावा," तू त्याला म्हणालीस. "खांद्याला न्हाय, हितं, खाली. हां. आता हलू नका."

तो धरून उभा राहिला. तू पट्टी बांधलीस. आबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "कोण विलास का?" तो फक्त "हां" म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याचा आवाज खाली आला होता, पण कडवटपणा गेला नव्हता. "खरं सांगा. तुम्हाला यातून काय पाहिजे?"

"माझा माणूस गेला," तू म्हणालीस. "हात रिकामे राहिले. मला काम पायजे हुतं."

"उद्यापासून येऊ नका."

"बरं." एवढंच म्हणालीस. मंगलला कापूस आणि पट्ट्या कुठं ठेवल्यात ते सांगितलंस, चपला घातल्यास आणि माझ्या आधी फाटकाबाहेर पडलीस.

निमगावच्या स्टँडजवळ आपण चहाला थांबलो. मी कप खाली आपटला. म्हणालो, "बघितलंस ना? मी हेच सांगत होतो." तू बशीत चहा ओतलास. मग मी दुसरं बोललो, जे तुला जास्त लागलं. मी म्हणालो, "आणि त्यानं एवढं स्पष्ट विचारलं, तर येशूचं नाव का घेतलं नाहीस? मंडळीत उभी राहून देवानं पाठवलं म्हणतेस आणि तिथं रिकाम्या हातांच्या गोष्टी सांगतेस."

तू बशी खाली ठेवलीस. "मी भ्याले, शमू," म्हणालीस. "रिकाम्या हातांचं खोटं न्हाय. पण ते अर्धं हाय. बाकीचं अर्धं जिभेवर आलं आणि मी गिळलं. बाहेर तू हुतास. तुला काय केलं असतं म्हंजे?"

आक्का, यावर मी तेव्हा काही बोललो नाही आणि नंतरही नाही. शिष्य पेत्रानं भिऊन येशूला नाकारलं तशी तूही नाकारून आलीस असं समजून महिनाभर स्वतःला खात होतीस, हे मला सुनंदाकडून कळलं. तू तिला म्हणायचीस, नव्या वर्षात देवानं काम दिलं आणि पहिल्याच परीक्षेत मी नापास. मी शिक्षक माणूस. मला तेव्हाच सांगायला हवं होतं की तो पेपर तुझा नव्हताच. तू माझ्यासाठी गप्प बसलीस. आई शेतावर जायची तेव्हा माझं डोकं विंचरून, मला शाळेच्या दारात सोडून मग तू तुझ्या वर्गात धावायचीस आणि रोज छडी खायचीस. कळसच्या अंगणातही तू तेच केलंस. हे मी आज म्हणतोय, आणि ऐकायला तू नाहीस.

उन्हाळ्यात विलास तुझ्या दारी आला. मी त्या दिवशी तुझ्याकडंच होतो. तो आत आला नाही, पायरीवर उभा राहून म्हणाला, "आबा विचारतात." तू विचारलंस, "जखम कशी हाय?" तो म्हणाला, "वाढलीय." माफी नाही, काही नाही. मला वाटलं, आता तरी तू दोन शब्द सुनावशील. तू आत जाऊन पाण्याचा तांब्या आणलास, त्याच्या हातात दिलास आणि गाडीची किल्ली शोधायला लागलीस.

नंतर एकदा तू मला फोनवर सांगितलंस. आबांनी विचारलं होतं, "बाई, तुमी मनात कुणाचं नाव घेता?"

"येशूचं," तू म्हणालीस.

"माझ्यासाठी घेता?"

"व्हय."

"घ्या की मग. जरा मोठ्यानं घेतलं तरी चालंल. मला ऐकू कमी येतंय."

तुझा आवाज त्या दिवशी मी कधी ऐकला नव्हता असा होता. पोरीसारखा. मीही खूश झालो, पण तुला दाखवलं नाही. मी विचारलं, "हेल्मेट घालतेस ना?"

पावसाळा संपता संपता तुझ्या छातीत दुखायला लागलं. तू ते लपवलंस, प्रीतीनं ओळखलं. मी तुला बारामतीत डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, अँजिओग्राफी करावी लागेल, लांबवू नका. डिसेंबरची तारीख मिळाली. मी रजा टाकली. आणि तारखेच्या आदल्या दिवशी तुझा फोन. आबांना ताप आहे, मंगलची पाठ धरलीय, तिला एकटीला ते वळवता येत नाहीत.

"आक्का, तिथं दोन मुलगे आहेत."

"हायेत. शिकत्यात. पण अजून त्यांना जमंना."

"तुझ्यावाचून आबा मरणार आहेत का?"

"माझ्यावाचून बी मरतील आणि माझ्यासंगट बी. पण आज न्हाय."

"आणि तू?"

"एवढा नाताळ हुऊ दे. नव्या वर्षात करू."

मग मी जे बोललो ते सगळं तुला ऐकू गेलं असणार, कारण शेजारचे बाहेर आले होते. मी म्हणालो, देवानं शरीर दिलंय तेही सांभाळायलाच दिलंय. मी म्हणालो, हा विश्वास नाही, हा हट्ट आहे. मी अजूनही तेच म्हणतो. तू म्हणालीस, "तुझं खरं असंल, शमू. बरं, ठेवते, आबांना पाणी द्यायचंय."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारी, कळसच्या घरी आबांचं अंग पुसून झाल्यावर तू पायरीवर टेकलीस. मंगल चहा घेऊन आली तेव्हा तू खांबाला डोकं लावून बसली होतीस. विलास त्या दिवशी घरी होता. त्यानं तुला उचलून गाडीत घातलं. मंगलचा फोन आल्यावर धावत येऊन मी दवाखान्याच्या दारात उभा होतो. त्यानं गाडी थांबवली, उतरला आणि मला म्हणाला, "लई जोरात आणली मी. कुठंच थांबलो न्हाय." पुण्यातल्या नोकरीत शिकलेली त्याची भाषा कुठं गेली होती. तो तेच तेच सांगत राहिला. डॉक्टर आतून बाहेर आले तरी तो तेच सांगत होता.

मातीला कळसचे ते सगळे आले होते. मंडळीच्या लोकांच्या मागं, भिंतीला लागून उभे होते. आम्ही मूठमूठ माती टाकत होतो तेव्हा मंगल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, आमी टाकली तर चालती का?" मी तिच्या हातात माती दिली. विलासच्याही. त्याच्याकडं बघणं मला जमलं नाही.

परवा नव्या वर्षाची उपासना झाली. पाळकसाहेबांनी तोच प्रश्न विचारला आणि सगळी मंडळी माझ्याकडं बघायला लागली. मी उभा राहिलो. म्हणालो, "माझ्या बहिणीला मी नको म्हणत होतो. आज विचारलं तरी मी नकोच म्हणेन. हे वर्ष मला कशासाठी दिलंय ते मला माहीत नाही." आणि खाली बसलो. पंचांपैकी कुणी असं बोलत नाही. पाळकसाहेबांनी काही उपदेश केला नाही, गीत सुरू केलं. सुनंदा गात नव्हती, मला दिसत होतं.

काल मंगलचा फोन आला, आबांना तुम्हाला भेटायचंय. म्हणून आज दुपारी मी कळसला गेलो. आबा वाळून काटकी झालेत, पण ताप उतरलाय. मी खाटेशेजारी बसलो.

"मी एवढे दिस म्हणतोय, देवा, मला ने," ते म्हणाले. "त्यानं तिला नेलं. असं का केलं?"

"मला माहीत नाही, आबा."

"तुमी तिच्या देवाचे. तुमाला ठावं असायला पायजे."

"नाही ठाऊक. मीही त्याला रोज हेच विचारतोय."

त्यांनी डोळे मिटले. "मग बरं," म्हणाले. "मला वाटलं, मलाच कळंना."

आक्का, इतक्या लोकांनी माझं सांत्वन केलं, पण जिवाला थोडा विसावा मिळाला तो या म्हाताऱ्याच्या शब्दांनी.

मंगल दारात आली. कमरेला पट्टा होता. "भाऊ, तुमी घटकाभर बसताय का? म्हंजे मी जाऊन येते."

"कुठं?"

"वरच्या आळीला हौसाबाई हाय. म्हातारी पडूनच हाय, लेक एकटीच करती. तिला पाठीचं काय जमंना. ताईंनी मला दावलं तसं मी तिला दावते."

"घरात चालतं?"

"आधी जाऊन आले, मग सांगितलं." ती थोडी हसली. "विलासभाऊजी म्हणाले, वैनी, तुमचीच पाठ धरलीय. मी म्हणलं, धरली तर धरली."

मी खुर्चीतून उठलो. ती दचकली.

"मंगल, पाठ डॉक्टरला दाखवलीस का?"

"दाखवू की. एवढं हौसाबाईचं..."

"नाही. सोमवारी. सोमवारी सकाळी मी इथं दारात गाडी घेऊन उभा असेन. बारामतीला जायचं, दाखवायचं, डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायचं आणि ते म्हणतील तसं करायचं. मग तू हौसाबाईकडं जा, नाहीतर आणखी कुणाकडं जा. मी तुला सोडायला येईन. पण आधी सोमवार."

"बरं, बघते."

"बघते नाही. हो म्हण."

खाटेवरून आबा म्हणाले, "पोरी, व्हय म्हण त्याला. त्याचा जीव खालवर हुतोय."

"व्हय," मंगल म्हणाली. "सोमवारी." तिनं चपला घातल्या आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू वरच्या आळीकडं निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभा होतो.

आक्का, तुझ्यापुढं माझं काही चाललं नाही. मंगलपुढं मी माझं चालवणार आहे.